तळमजल्यावरचा हातोडा

हातोडा थांबला. मी सिंकपाशी उभी राहून काळ्या शिंपल्यांचे धागे उपटत होते आणि खाली तळमजल्यावर सकाळपासून चाललेला हातोडा मध्येच थांबला. दमलेला हातोडा असा थांबत नाही. दमलेला हातोडा आधी आळसावतो, दोन ठोके उगाच मारतो, मग मिस्त्री खोकतो, सिगारेट पेटवतो. हा ऐन भरात असताना थांबला, कुणीतरी मनगट धरावं तसा. इटलीच्या टोकाला असलेल्या आमच्या तारांतोत ही शांतता दूधपित्या पोरालाही कळते. इथं कुणाच्याही घराची फरशी उचला, हात-दीड हातावर कुणीतरी निजलेलं असतं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं, उशाशी तेलाची कुपी घेऊन. मग घरमालक धावत खाली येतो, शटर अर्धं ओढलं जातं, मिस्त्रीला कॉफी मिळते, कुणीतरी रेडिओ मोठा करतं आणि संध्याकाळी सिमेंटची गोणी येते. दुसऱ्या दिवशी फरशी अशी गुळगुळीत, की तिच्याखाली जणू जमीनच नाही. गल्लीत कुणी कुणाला विचारत नाही आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कारण पुरातत्त्व खात्याला कळलं की खेळ खलास. मागच्या गल्लीतला शिंपी अजून बाल्कनीत स्टोव्ह मांडून जेवण रांधतो, त्याच्या स्वयंपाकघरात खात्याची दोरी आणि पाटी आहे. दोरी लावली तेव्हा त्याची मुलगी शाळेत जायची, आता मुलीची मुलगी जाते. मी हातातली शिंपली खाली ठेवली, पाणी बंद केलं आणि कानोसा घेतला. खाली रेडिओ लागला.

झालं! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. तशी ती माझ्या मनात बिऱ्हाडच करून आहे, हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. पस्तीस वर्षं पोरांना ग्रीक आणि इतिहास शिकवलेल्या बाईला, कोण कॉपी करतंय हे मानेच्या रेषेवरून कळतं. मी खिडकीतून वाकले आणि हाक मारली, "वितुच्चो! काय झालं रे?" आमचा मिस्त्री वितुच्चो अर्ध्या शटरखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "काही नाही बाई, पाना हरवलाय." मी म्हटलं, "पाना हरवला म्हणून रेडिओ लावतोस?" तर म्हणे, "रेडिओ लावला की सापडतो, बाई. माझं तसंच आहे." आणि डोकं आत. दात काढून बोलला, पण चेहरा पांढराफटक. माझा भाऊ चीरोही खालीच होता, सकाळपासून मिस्त्रीच्या मागं मागं करत होता, पण तो काही बाहेर आला नाही. एरवी माझा आवाज ऐकून वर तोंड करून दोन वाकडे शब्द बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

घर आमच्या वडलांचं. तळमजल्यावर त्यांचं दोरखंडांचं दुकान होतं, ते गेल्यापासून बंद. पहिल्या मजल्यावर मी एकटी, वर चीरो आणि त्याची बायको मेना. ईस्टर झाल्यावर चीरोनं अचानक जाहीर केलं, की दुकान मोडून तिथं एक खोली आणि न्हाणीघर करायचं. लुक्रेत्सिया येणार आहे म्हणे जर्मनीहून, कायमची. लुक्रेत्सिया म्हणजे त्यांची मुलगी. ही पोरगी जाताना स्टेशनवर मला म्हणाली होती, आत्या, या गावात मी आता फक्त कुणाच्या तरी मयताला येईन. आणि ती येणार, तीही आजोबाच्या दुकानात झोपायला, वर तिची स्वतःची खोली समुद्राकडे तोंड करून रिकामी असताना? मी मेनाला तसं विचारलं, तर ती ओट्यावरचं फडकं पिळत राहिली, पिळून पिळून त्यात थेंब उरला नाही. म्हणाली, "तरुण माणसांना आपलं दार वेगळं लागतं, ताई." कुठेतरी पाणी मुरत होतं. पण तेव्हा मी सोडून दिलं होतं. हातोडा थांबला तेव्हा ते सगळं पुन्हा वर आलं. अरे, तुम्हाला खणायचंच होतं! बापाच्या दुकानाखाली काहीतरी आहे, हे चीरोला आधीच माहीत होतं की काय? वडलांनी मरताना त्याच्या कानात काय सांगितलं होतं? मी तेव्हा औषध आणायला गेले होते. परत आले तेव्हा दोघांचेही डोळे ओले होते, आणि मी विचारल्यावर चीरो म्हणाला, काही नाही, गरम होतंय म्हणाले.

आमचं गाव मुळात ग्रीकांनी वसवलेलं. बाकीच्या ग्रीक गावांनी आपले मेलेले तटाबाहेर पुरले. आम्हीच तेवढे शहाणे, आम्ही तटाच्या आत पुरले. देवाचा कौलच तसा मिळाला होता म्हणतात, की बहुसंख्यांच्या सोबतीनं राहाल तर सुखात राहाल. आमच्या पूर्वजांनी डोकं खाजवलं आणि ठरवलं, की जगात मेलेल्यांहून संख्येनं जास्त दुसरं कोण आहे? म्हणून शेजारी ठेवून घेतले. वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची. मी हसू द्यायचे. आणि मग विचारायचे, गाव वसवायला आले ते कोण होते? ग्रीसमधल्या स्पार्टाचे पुरुष लढाईवर वर्षानुवर्षं अडकलेले असताना घरी जन्मलेली पोरं. ज्यांच्याकडे पाहून घरी परतलेला प्रत्येक पुरुष मनाशी हिशेब करायचा, अशी पोरं. त्यांना ना जमीन ना मान. त्यांनी कट केला. सणाच्या दिवशी खेळ सुरू असताना म्होरक्या डोक्यावर टोपी चढवेल, तीच खूण, की तुटून पडायचं. आणि नेमक्या त्या वेळी दवंडीवाल्यानं उठून पुकारलं, की अमक्यानं टोपी घालू नये. बस्स, एवढंच. कुणी फोडलं? कुणालाच माहीत नाही. पोरांना मारलं नाही, गलबतांत घातलं आणि इकडे धाडलं, जा, तिकडे गाव वसवा. म्हणजे फोडणारासुद्धा त्याच गलबतात बसून आला असणार. वल्हं मारत. शेजाऱ्याला कांदा-भाकर देत. मी पोरांना म्हणायचे, त्यानं इथं लग्न केलं असेल, त्यालाही पोरंबाळं झाली असतील, तेव्हा जरा आपापल्या बाकावरच्या सोबत्याकडे बघा. पोरं बघायची. हशा पिकायचा, आणि मग एकदम वर्ग शांत व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

त्या आठवड्यात मी जिन्याकडे कान लावूनच राहिले. काम पुन्हा सुरू झालं होतं, पण कसं? हातोडा नाहीच, नुसतं खरवडणं, हळूहळू, जपून. सिमेंटच्या गोण्या आल्या, त्या मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिल्या. चीरो वर-खाली करायचा, पण तो आता जिन्यात गाणं म्हणत नव्हता. साठीला टेकलेला माणूस, पण जिना चढताना मोठ्यानं गाणं म्हणायची त्याची लहानपणापासूनची खोड. आता तो गुपचूप यायचा. माझ्या दारापाशी आला की थांबायचा. मी आत, दाराला टेकून, श्वास रोखून उभी. तो बाहेर, तसाच. मला त्याचा श्वास ऐकू यायचा, लाकडाच्या त्या बाजूनं. ना तो बेल वाजवायचा, ना हाक मारायचा. बऱ्याच वेळानं पावलं पुन्हा वर चढायला लागायची. माझा सख्खा भाऊ माझ्या दाराला कान लावतो! मी आत फोनवर कुणाशी बोलते का, कुणाला सांगते का, याचा पहारा! ज्याला मी कडेवर घेऊन बंदरावर बोटी दाखवायला न्यायचे, ज्याचं नाक माझ्या फ्रॉकला पुसलेलं, तो! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिंपल्या तशाच फेकून दिल्या.

आणि रविवारीही तो आला नाही. आई गेल्यापासून रविवारी दुपारी चीरो आणि मेना माझ्याकडे जेवायला येतात. दोघांनी आपापली खुर्चीही ठरवून टाकली आहे. या रविवारी मेना एकटी आली, दारातच उभी, हातात झाकलेलं ताट, तांदूळ-बटाटे-शिंपल्यांचा भात वरून खरपूस भाजलेला. "ताई, हे गरम आहे तोवर खाऊन घ्या. आज आम्ही येत नाही. चीरोला जरा कंटाळा आलाय." मी म्हटलं, "माझ्या हातच्या जेवणाचा?" "नाही हो! झोपलाय." "दुपारी एक वाजता?" "काम फार पडलं ना खाली." "काम तर वितुच्चो करतो. आणि वितुच्चो झोपलेला नाही, तो समोर बारमध्ये पत्ते खेळतोय, मी पाहिला." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाली, "ताई, तुम्ही पण ना... घ्या हे," आणि ताट माझ्या हातात कोंबून वर पळाली. लाच! माझ्या तोंडाला कुलूप लावायला भाजलेला भात! मी तो खाल्ला, चांगला झाला होता. पण प्रत्येक घासाला वाटत होतं, आपल्याला विकत घेतलं जातंय.

मग तो माणूस आला. उंच, करड्या सुटातला, हातात चपटी चामड्याची बॅग. आमच्या गल्लीतला नव्हे, आमच्या गावचाही नव्हे, गाडीवर बारी शहराची पाटी. तो आधी तळमजल्यावर गेला. मी पडद्याआड. चीरोनं त्याला दुकान दाखवलं, दोघं बराच वेळ आत होते, मग जिन्यानं वर. जिना चढताना तो माणूस कठड्याला हात लावून लांबी पाहत होता, पायऱ्या न्याहाळत होता, वळणाशी थांबून म्हणाला, "इथून न्यायला कठीण जाणार." दाराच्या भिंगातून मी सगळं पाहिलं, ऐकलं. काय न्यायला कठीण जाणार? दगडी पेटी? मडकं? आमच्याकडे असे लोक येतात, सुटातले, गोड बोलणारे, आणि आमच्या पोटातलं काढून नेतात. आणि दुसऱ्याच दिवशी, सगळी गल्ली दुपारची झोपलेली असताना, वितुच्चो आणि आणखी एकजण काहीतरी लांबट, जड, घोंगडीत गुंडाळलेलं वर घेऊन गेले. "हळू, हळू, आपटू नको," वितुच्चो कुजबुजत होता. एका माणसाच्या कमरेएवढं असेल. खांद्याकडे निमुळतं. मी जन्मभर ज्यांची चित्रं फळ्यावर काढली ते घडे मला घोंगडीतूनही ओळखू येतात. म्हणजे खालून काढून वर लपवणार, आणि मग तिथून बारीला. मी दार उघडलं असतं तर? उघडलं नाही.

रोमन लोकांनी आमचं गाव घेतलं ते कसं घेतलं, हे मी पोरांना नेहमी सगळ्यात शेवटी सांगायचे. तट मजबूत होता. वेढा घालून बसलेल्या रोमन फौजेत आमच्याच गावचा एक जवान होता आणि त्याची बहीण गावात. तटाच्या एका भागावर पहारा देणाऱ्या परक्या तुकडीचा म्होरक्या त्या बहिणीवर लट्टू झाला होता. भावाला हे कळलं. तो रोमनांकडून पळून आल्याचं सोंग करून गावात शिरला, बहिणीशी बोलला आणि दोघांनी मिळून म्होरक्याला वळवला. पुढं शिड्या लागल्या, कत्तल झाली, हजारो माणसं गुलाम म्हणून विकली गेली. पोरं म्हणायची, बाई, बहीण वाईट की भाऊ? मी म्हणायचे, परीक्षेत येणार नाही, पुढं चला. आता दुपारी पडल्या पडल्या मला त्या बाईचं घर दिसायला लागलं होतं. ती भावासमोर बसली असेल, त्याला खायला वाढलं असेल. भाऊ तिला सगळं सांगतोय. सगळं! निदान त्या भावानं बहिणीला विश्वासात तरी घेतलं. माझ्या भावानं मला काय केलं? पडद्याआड ठेवलं. मला थडग्याचं काहीच नव्हतं, आज सरळ सांगते. दुकानाखाली सोन्याचा मुकुट निघाला असता आणि चीरोनं मला "ताई, खाली ये, गंमत बघ" म्हणून हाक मारली असती, तर मीच सिमेंट कालवलं असतं. चीरो सोडून मला या जगात दुसरं कोणी नाही. आणि त्याच्या घरात एक गोष्ट आहे, ती मिस्त्रीला माहीत, बारीच्या माणसाला माहीत, मेनाला माहीत, मला तेवढी नाही. हेच सलत होतं.

तरी मी त्याला एकदा संधी दिली. तो पुन्हा माझ्या दाराबाहेर येऊन थांबला तेव्हा मी खाडकन दार उघडलं. तो भिंतीला एक हात टेकून उभा होता, दुसरा हात कोटाच्या आत. मला पाहून त्यानं तो हात पटकन बाहेर काढला. "काय लपवतोस?" मी म्हटलं. "हृदय," तो हसून म्हणाला. "ताई, तू दाराच्या मागंच राहतेस का? आत सोफा आहे तुझ्याकडे." मी म्हटलं, "चीरो, खाली काय सापडलंय?" "उंदीर. बापाच्या वेळचे. अजून दोरखंड खातायत." "थट्टा नको. मी तुझी बहीण आहे. मला सांगितलंस तर मी कुणाला सांगेन असं वाटतं तुला?" त्याच्या कपाळावर घाम होता. एक क्षण वाटलं, आता बोलेल. ओठ हललेही. मग म्हणाला, "तुला सांगितलं ना, तर तू झोपणार नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे." आणि माझ्या गालाला चापटी मारून, कठडा धरून, एकेक पायरी वर गेला. तुझा स्वभाव मला माहीत आहे! म्हणजे काय? म्हणजे मी चुगलखोर? मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले. मग रडू आलं, पण फार वेळ नाही. रडणं संपलं तेव्हा माझं ठरलं होतं.

तंबाखूवाल्याच्या दुकानाशेजारी फोनची काचेची खोली आहे. मी डोक्याला रुमाल बांधून गेले, जशी काही चर्चला निघाले. खात्याचा नंबर मला पाठ होता, पोरांना संग्रहालयात न्यायला किती वेळा फिरवला होता. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. मी घराचा पत्ता सांगितला, तळमजला सांगितला, म्हटलं, जुनं काहीतरी निघालंय आणि बाहेर नेतायत, लवकर या. तिनं नाव विचारलं. मी फोन ठेवला. बाहेर ऊन होतं, लोक आइस्क्रीम खात होते. मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, आणि घरी येऊन मी चांगली गाढ झोपले.

खात्याची माणसं आली ती सकाळी, एक तरुण अधिकारी बाई, दोन मजूर, एक पोलीस. वितुच्चोनं नुकतीच नवी फरशी बसवली होती. त्यानं हात जोडले, आईची शपथ घेतली, म्हणाला, इथं नळाच्या पाइपाशिवाय काही नाही, मी वीतभर खाली गेलो असेन. अधिकारी बाई थंडपणे म्हणाली, "मग तपासायला हरकत नाही." मजुरांनी फरशी फोडली. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. गल्लीतली निम्मी माणसं दारात. वरून मेना ओरडत आली, "थांबा! थांबा!" आणि तिच्या मागून चीरो. त्याच्या ओठांचा रंग मी तेव्हा पहिल्यांदा उजेडात पाहिला. निळसर. तो खाली आला, वितुच्चोची उपडी बादली होती तिच्यावर बसला आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा. मेना त्याच्या पाठीवर हात फिरवत अधिकारी बाईला म्हणाली, "अहो, त्याला जिने बंद सांगितलेत डॉक्टरांनी! त्याच्यासाठीच आहे ही खोली. त्या मंगळवारी काम चालू असताना इथंच कोसळला तो, या मिस्त्रीनं सावरला, तेव्हापासून हातोडाही बंद केला. बारीहून डॉक्टर येऊन जागा बघून गेले. वर प्राणवायूची टाकी आणून ठेवलीय. महिनाभरात त्याला इथं हलवायचंय. तुम्हाला काय पाहिजे ते त्यानंतर खणा ना!" मी भिंतीला धरलं. पाना. रेडिओ. घोंगडी. माझ्या दाराबाहेरचा तो श्वास. तो कान लावत नव्हता. तो दम खात होता. सगळ्या पायऱ्यांपैकी तो नेमका माझ्याच दाराशी दम खात होता. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, काही नाही तिथं, मी साप साप म्हणून भुई धोपटली, घरी जा. पण मी भिंत काही सोडली नाही.

आणि त्याच वेळी एका मजुराची कुदळ दगडावर वाजली. अधिकारी बाई गुडघ्यावर बसली, हातानं माती सारली. सपाट, घडीव दगड. कडेला दुसरा. वितुच्चोनं क्रूसाची खूण केली. "शप्पथ, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं, आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. अधिकारी बाई उठली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "झाकण शाबूत आहे. कुणी हातही लावलेला नाही. असं क्वचित मिळतं." मग चीरोकडे पाहून तिचा आवाज उतरला. "मी वर लिहीन तुमच्याबद्दल. पण काम थांबवावं लागेल. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. मला माफ करा." पोलिसानं दोरी बांधली. चीरो बादलीवरून दगडाकडे बघत होता, आणि मग, देवा, तो हसला. मला हात करून म्हणाला, "ताई, ये ना, बघ तरी. तू जन्मभर शिकवलंस, आणि हे आपल्या बापाच्या दुकानाखाली." मी गेले. त्याच्याजवळ उभी राहिले. त्यानं माझा हात धरला. हात गार होता.

मेनानं विचारलं, "कुणी कळवलं तुम्हाला?" अधिकारी बाई म्हणाली, "नाव नाही दिलं. बाईमाणसाचा आवाज होता, एवढंच." मेनानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी काही बोलायच्या आतच चीरोनं मान वर केली. "मेना, नजर फिरव." "मी कुणाचं नाव घेतलं का?" "घेऊही नकोस. ताई संशयी आहे, तिरसट आहे, तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण माझ्या वाईटावर ती नाही. तिनं वाढवलंय मला. पुन्हा असं मनातसुद्धा आणायचं नाही, सांगून ठेवतो." एवढं बोलून त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मेना रडायला लागली आणि मला म्हणाली, "ताई, चुकलं माझं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला, होय.

वर दोन मजले चढणं त्याला आता शक्य नव्हतं, म्हणून त्याला माझ्याकडेच आणलं. माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याचा पलंग आहे. मेना दिवसभर इथंच असते. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "मला का सांगितलं नाहीस रे?" तर म्हणाला, "तू दाराशी उभी राहून माझा श्वास ऐकत बसली असतीस." टाकी मोठी, जड, ती दर थोड्या दिवसांनी बदलावी लागते. वितुच्चो जुनी नेतो, भरलेली खांद्यावर घेऊन जिना चढतो, चीरोशी फुटबॉलवर भांडतो आणि हसवून जातो. दुपारी मात्र चीरोचा एकच खेळ चालतो. कुणी कळवलं? तो पडल्या पडल्या गल्ली उलगडतो, एकेक दार, एकेक बाई. "समोरची न्हावीण?" मी म्हणते, ती तेव्हा माहेरी होती. "शिंप्याची बायको? तिच्या स्वयंपाकघराचा सूड?" मी म्हणते, ती कशाला, तिला दोरीचं दुःख माहीत आहे. त्याला यात मजा येते, गालावर थोडा रंग चढतो, मेनाही भरतकाम बाजूला ठेवून ऐकते. आणि मी रोज ठरवते की आज सांगायचं. रोज सूप गाळते, वाटी त्याच्या हातात देते, आणि तो म्हणतो, ताई, तुझं डोकं तल्लख, तू का गप्प? काल त्याच्याकडची नावं संपली. सगळी गल्ली संपली. तो उशीवर मान टेकवून माझ्याकडे बघत राहिला. मेनाही बघायला लागली. "आता कोण राहिलं, ताई?" त्यानं विचारलं. साधंच विचारलं. खोलीत तेव्हा इतकी शांतता होती, की टाकीतली हवा ऐकू येत होती.

"वितुच्चोची बायको," मी म्हटलं. "मिस्त्री घरी जाऊन बायकोला सांगतोच की."

चीरोनं डोळे मिटले. म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही. आणि मी त्याला भाऊ म्हणत होतो." मेनानंही मान डोलावली. आज सकाळी जिन्यात पावलं वाजली, जड, धापा टाकणारी. मी दार उघडलं. वितुच्चो टाकी खांद्यावर घेऊन उभा, घामानं चिंब, चेहरा हसरा. "कसा आहे आपला पैलवान? कालचा सामना ऐकला का त्यानं?" मी आत वळून पाहिलं. चीरोनं भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि हातानं मला खूण करत होता, नको, नको.

"झोपलाय," मी वितुच्चोला म्हटलं. "ठेव इथंच दारात. आणि उद्यापासून तू येऊ नकोस."